आधी अडचण, मग पॅटर्नचे नाव: अभ्यासक्रम समित्यांना आणि परीक्षकांना खुले पत्र

प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य आणि प्रश्नपत्रिका काढणारे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

‘आधी भाषेचा सिंटॅक्स (कोड लिहिण्याचे नियम) पक्का करायचा की डिझाइन पॅटर्न (वारंवार येणाऱ्या अडचणींवरच्या रुळलेल्या रचना) शिकायचे?’ हा प्रश्न विद्यार्थी शिक्षकांना विचारतात, कामाला नुकतेच लागलेले प्रोग्रामर ज्येष्ठांना विचारतात, आणि अभ्यासक्रमाच्या बैठकीत तोच प्रश्न तासांच्या वाटणीचे रूप घेऊन येतो. आम्ही प्रोग्रामिंग शिकवणारी आणि इतरांचा कोड तपासणारी माणसे आहोत. एका विषयात भाषा, वर्षभराने दुसऱ्या विषयात पॅटर्न आणि मध्ये भिंत, अशी रचना आपण केल्यामुळेच हा प्रश्न पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्या विषयाच्या परीक्षेत कंस आणि अर्धविराम तपासले जातात, दुसऱ्याच्या परीक्षेत व्याख्या आणि क्लासच्या आकृत्या. ती भिंत काढावी, एवढे मागण्यासाठी हे पत्र.

आधी सिंटॅक्सबद्दल. निव्वळ सिंटॅक्स ही फार छोटी गोष्ट आहे. सी भाषेच्या 1989 च्या मानकात 32 कीवर्ड (राखीव शब्द) होते, गो भाषेत 25 आहेत, पायथन 3.7 मध्ये 35. एवढे शब्द आणि त्यांची मांडणी काही आठवड्यांत हाताखाली येते. कुठे कंस राहिला तर कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ओळ क्रमांकासह सांगतो. ज्या चुका यंत्र स्वतः पकडते त्यांवर परीक्षेचे गुण खर्च करण्यात फारसा अर्थ नाही.

अवघड आहे ते भाषेचे वर्तन. पायथनमध्ये फंक्शनच्या पॅरामीटरला रिकामी लिस्ट डिफॉल्ट म्हणून दिली, तर ती लिस्ट फंक्शनची व्याख्या वाचली जाते तेव्हा एकदाच तयार होते. पहिल्या कॉलमध्ये तिच्यात टाकलेला घटक दुसऱ्या कॉलमध्येही तिथेच असतो. जावामध्ये दोन इंटिजर ऑब्जेक्टची दुहेरी बरोबर-चिन्हाने तुलना केली, तर 127 ला उत्तर ‘समान’ येते आणि 128 ला सहसा ‘असमान’. कारण आपोआप ऑब्जेक्ट बनवताना उणे 128 ते 127 या आकड्यांचे ऑब्जेक्ट साठवून पुन्हा वापरले जातात, त्यापुढच्यांना बहुधा नवे मिळतात, आणि ते चिन्ह किंमत न पाहता ऑब्जेक्ट तोच आहे का एवढेच पाहते. जावास्क्रिप्टमध्ये आकड्यांचा ॲरे काही न सांगता सॉर्ट केला, तर 10 हा 9 च्या आधी येतो, कारण तुलना अक्षरांची होते. या तिन्ही ठिकाणी सिंटॅक्स शंभर टक्के बरोबर आहे. कंपायलर गप्प राहतो, इंटरप्रिटर गप्प राहतो, आणि चूक गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर दिसते.

म्हणून ‘भाषा पक्की’ याचा अर्थ आम्ही असा घेतो: वीस-पंचवीस ओळींचा कोड न चालवता वाचून त्याचे आउटपुट सांगता आले पाहिजे. ऑब्जेक्ट फंक्शनला दिला की प्रत जाते की तोच ऑब्जेक्ट जातो, समान असणे आणि तोच असणे यात फरक काय, एरर फेकली की ती कुठपर्यंत वर चढते, फंक्शन हीच किंमत म्हणून दुसऱ्या फंक्शनला कशी देता येते, आतले फंक्शन बाहेरचे व्हेरिएबल कधी वाचते, इंटरफेस (क्लासने कोणती फंक्शने द्यायची याचा करार) पाळणे म्हणजे नेमके काय. एवढे आले, स्टॅक ट्रेस (एरर कोणत्या कॉलमधून आली त्याची यादी) वाचता आला आणि चार फायलींत विभागलेला अडीचशे-तीनशे ओळींचा प्रोग्राम टेस्टसह (तो बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या कोडसह) लिहिता आला, की पॅटर्नला हात घालायला हरकत नाही. भाषेचा प्रत्येक कोपरा माहीत होईपर्यंत थांबायची गरज नाही. मात्र यातले काहीच येत नसताना पॅटर्न शिकवले, तर विद्यार्थी पाठांतराशिवाय दुसरे काय करणार?

आता पॅटर्नकडे येऊ. पॅटर्न ही कल्पना आली इमारतींच्या रचनेतून. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये 253 पॅटर्न मांडले होते. सॉफ्टवेअरमध्ये तिला घराघरांत नेले ते एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडिस यांच्या 1994 च्या पुस्तकाने. त्यात 23 पॅटर्न आहेत: निर्मितीचे 5, रचनेचे 7, वर्तनाचे 11. आपल्या अभ्यासक्रमांतली यादी बहुतेक वेळा याच तेवीसांची असते. त्या चौघांनी पॅटर्नचे चार आवश्यक भाग सांगितले होते: नाव, समस्या, उपाय आणि परिणाम. परिणाम म्हणजे त्या उपायाने काय मिळते आणि काय गमवावे लागते. आपली प्रश्नपत्रिका पहिला आणि तिसरा भाग विचारते. समस्या आणि परिणाम गाळले जातात, आणि निर्णय घ्यायला लागतात ते हेच दोन.

त्या पुस्तकातली उदाहरणे सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉक या भाषांतली आहेत, हेही वर्गात क्वचितच सांगितले जाते. संगणकतज्ज्ञ पीटर नॉरविग यांनी 1996 मध्ये दाखवले की लिस्प आणि डिलन यांसारख्या भाषांत या 23 पैकी 16 पॅटर्न एकतर दिसेनासे होतात किंवा बरेच सोपे होतात. याचा अर्थ पॅटर्न निरुपयोगी असा कोणी घेऊ नये. भाषेला जे सरळ म्हणता येत नाही ते म्हणण्याची माणसांनी बसवलेली रीत म्हणजे पॅटर्न. भाषेला ते म्हणता येऊ लागले की रीत भाषेतच विरघळते. इटरेटर पाहा, म्हणजे यादीतले घटक एकेक करून हातात देणारा ऑब्जेक्ट. एकेकाळी जावामध्ये इटरेटर हातात घेऊन ‘पुढे काही आहे का’ आणि ‘पुढचा दे’ असे प्रत्येक लूपमध्ये लिहावे लागे. 2004 साली जावा 5 मध्ये सुटसुटीत फॉर लूप आला आणि ती दोन वाक्ये लिहिण्याचे काम कंपायलरने घेतले. पॅटर्न आहे तसाच आहे, फक्त झाकलेला आहे. स्वतःच्या डेटा स्ट्रक्चरवर तो लूप चालवायचा असेल तर विद्यार्थ्याला झाकण उघडावेच लागते. आमची सूचना आहे की पहिला पॅटर्न म्हणून इटरेटरच शिकवावा. तो विद्यार्थी पहिल्या महिन्यापासून वापरत असतो, आणि भाषा व पॅटर्न यांच्यातली भिंत किती खोटी आहे ते तिथेच दिसते.

दुसरा स्ट्रॅटेजी. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण शिकवण्याची जी पद्धत आम्ही सुचवतो ती यात नीट दिसते.

वाचनालयाचा छोटा प्रोग्राम द्या. विद्यार्थी सभासदाला पुस्तक 14 दिवस, शिक्षकाला 30 दिवस, बाहेरच्या सभासदाला 7 दिवस. ही मुदत तीन ठिकाणी लागते: पुस्तक देतानाच्या चिठ्ठीवर, आठवणीच्या पत्रात आणि उशिरा आलेल्या पुस्तकांच्या अहवालात. विद्यार्थी तिन्ही ठिकाणी इफ-एल्स लिहितील. लिहू द्या, टोकू नका. पुढच्या तासाला चौथा प्रकार सांगा: संशोधक, 45 दिवस. वर्गातले काहीजण दोन ठिकाणी बदल करतील आणि तिसरे विसरतील. चिठ्ठीवर 45 आणि अहवालात वेगळेच काही, असा प्रोग्राम समोर चालू असताना विद्यार्थी ‘एकच नियम तीन जागी का?’ हे स्वतः विचारतो. व्याख्यानाने तो क्षण आणता येत नाही.

इथे घाईने स्ट्रॅटेजीचे नाव घेऊ नका. अजून पॅटर्नची गरजच नाही. नियम जोवर निव्वळ आकडा आहे तोवर सभासदाचा प्रकार आणि दिवस यांचा साधा तक्ता पुरे. पायथनमध्ये डिक्शनरी, जावामध्ये मॅप किंवा ईनम (ठरलेल्या किमतींचा प्रकार). चार आकड्यांसाठी एक इंटरफेस आणि चार क्लास लिहिणारे उत्तर अतिरेकी आहे, आणि त्याला आज परीक्षेत पूर्ण गुण मिळतात याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

मग पुढचा बदल द्या: शिक्षकांच्या मुदतीत बंदचे दिवस धरायचे नाहीत, आणि संशोधकाने घेतलेल्या पुस्तकासाठी रांगेत कोणी असेल तर मुदत निम्मी. आता नियम हा हिशेब झाला आणि तक्त्यात आकडा ठेवून भागेना. तक्त्यात आकड्याच्या जागी फंक्शन ठेवा. हीच स्ट्रॅटेजी. आता नाव सांगा, आकृती काढा, पुस्तकातली व्याख्या वाचा. पायथनमध्ये ती चार फंक्शने आणि एक डिक्शनरी झाली. 2014 पूर्वीच्या जावामध्ये लॅम्डा (नाव न देता जागेवरच लिहिलेले फंक्शन) नव्हते, म्हणून तिथे इंटरफेस आणि प्रत्येक नियमाला क्लास लागला असता. जावा 8 पासून तेच एका ओळीच्या लॅम्डात बसते. पॅटर्न एकच, त्याचा आकार भाषेने ठरवला. नियमाला स्वतःची माहिती सांभाळायची असेल, किंवा मुदत, मुदतवाढ आणि दंड अशी दोन-तीन कामे एकत्र करायची असतील, तेव्हा फंक्शन सोडून क्लासकडे जावे.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. पॅटर्नने इफ नाहीसा होतो असे विद्यार्थ्यांना वाटते. तो नाहीसा होत नाही, एका जागी गोळा होतो: कोणत्या सभासदाला कोणता नियम, हे कुठेतरी ठरवावेच लागते. ती जागा कोणती हा प्रश्न तोंडी परीक्षेत जरूर विचारा. दुसरे, सर्व नियमांची सिग्नेचर, म्हणजे पॅरामीटरची मांडणी, एकच लागते. बंदचे दिवस एका नियमाला हवेत, रांगेची लांबी दुसऱ्याला, म्हणून विद्यार्थी सहा पॅरामीटर करतात आणि प्रत्येक नियम त्यातले चार दुर्लक्षितो. यावर उपाय आहेत: लागणारी माहिती नियम तयार करतानाच त्याला देणे, किंवा सगळी माहिती एका ऑब्जेक्टमध्ये बांधून तो देणे. पहिल्यात नियम तयार करणारी जागा जड होते, दुसऱ्यात प्रत्येक नियमाला नको तेही दिसते. ‘परिणाम’ हा गाळलेला भाग म्हणतात तो हा.

या सगळ्याला तीन तास लागतात. तेवीस पॅटर्न तेवीस तासांत उरकण्याऐवजी सात पॅटर्न प्रत्येकी तीन तास घेतले तर 21 तास होतात. आमची निवड: इटरेटर, स्ट्रॅटेजी, ॲडॅप्टर, डेकोरेटर, ऑब्झर्व्हर, कमांड, फॅक्टरी मेथड. यादीवर वाद होऊ शकतो, सातच्या जागी आठ झाले तरी चालेल.

पॅटर्न येतो पण भाषा कच्ची, असे झाले की काय होते ते ऑब्झर्व्हरमध्ये (एकात बदल झाला की नाव नोंदवलेल्या सगळ्यांना सूचना देणारा पॅटर्न) सर्वांत स्वच्छ दिसते. आकृती दोन चौकोनांची आणि एका बाणाची; पाच मिनिटांत पाठ होते. प्रत्यक्षात मोडतो तो भाषेच्या वर्तनामुळे. सूचना पाठवण्यासाठी ऐकणाऱ्यांच्या यादीवर लूप चालू असतानाच एखादा स्वतःचे नाव काढून घेतो. जावाच्या साध्या ॲरेलिस्टमध्ये बहुधा चालू लूपमध्ये यादी बदलल्याची एरर येते. पायथनमध्ये एरर येत नाही, पुढचा ऐकणारा मुकाट्याने वगळला जातो, आणि ते जास्त वाईट. उपाय म्हणजे यादीची प्रत काढून तिच्यावर लूप चालवणे. एका ऐकणाऱ्याने एरर फेकली तर त्याच्या पुढच्यांना सूचनाच मिळत नाही. प्रत्येक कॉल वेगळा सांभाळायचा की नाही हे आधी ठरवावे लागते. नाव काढायला विसरले तर खिडकी बंद झाली तरी तिचा ऑब्जेक्ट मेमरीत राहतो, कारण यादीने तो धरून ठेवलेला असतो. त्यावर वीक रेफरन्स (ऑब्जेक्टला मेमरीत धरून न ठेवणारा संदर्भ) वापरायला जावे तर पायथनमध्ये ऑब्जेक्टच्या मेथडचा साधा वीक रेफरन्स लगेच मरतो, कारण ती बांधलेली मेथड दर वेळी नव्याने तयार होते. त्यासाठी 3.4 आवृत्तीपासून वेगळा वीकमेथड दिलेला आहे. जावास्क्रिप्टमध्ये नाव काढताना नोंदवलेले तेच फंक्शन द्यावे लागते. तशाच मजकुराचे नवे ॲरो फंक्शन दिले तर काहीच निघत नाही, आणि एररही येत नाही.

यातली एकही गोष्ट आकृतीत नाही. जावाच्या लायब्ररीत ऑब्झर्व्हरसाठी तयार क्लास होता, तोही 2017 मध्ये जावा 9 ने वापरू नये असा ठरवला. सूचना कोणत्या क्रमाने जातील याची त्यात हमी नव्हती. आपल्या कित्येक प्रात्यक्षिक वह्यांमध्ये तो अजून आहे. कृपया तो काढावा.

डेकोरेटरमध्ये (ऑब्जेक्टला बाहेरून थर चढवून काम वाढवणारा पॅटर्न) विद्यार्थ्यांनी क्रमाशी खेळावे. फाइल आधी संक्षिप्त करून मग एन्क्रिप्ट केली तर आकार कमी होतो. आधी एन्क्रिप्ट करून मग संक्षिप्त करायला गेलो तर जवळपास काहीच कमी होत नाही, कारण एन्क्रिप्ट झालेल्या माहितीत पुनरावृत्ती उरत नाही. दोन ओळींची अदलाबदल करून दोन आकडे शेजारी मांडले की ‘थर’ म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. पायथनच्या ॲट-चिन्हाच्या डेकोरेटरशी याची गल्लत होते, तीही तिथेच सोडवावी: तो फंक्शनला व्याख्येच्या वेळी गुंडाळतो, पॅटर्न ऑब्जेक्टला प्रोग्राम चालू असताना.

सिंगलटन (क्लासचा एकच ऑब्जेक्ट ठेवणारा पॅटर्न) आमच्या यादीत नाही, हे लक्षात आले असेल. परीक्षेत तो विचारला जातो कारण तो लिहायला छोटा आहे. पण एका टेस्टने त्यात बदललेली किंमत पुढच्या टेस्टला दिसते, टेस्टचा क्रम बदलला की निकाल बदलतो, आणि कोणता क्लास कशावर अवलंबून आहे ते कन्स्ट्रक्टर पाहून कळत नाही. शिकवायचाच असेल तर शेवटी आणि भाषेच्या तासाला शिकवावा. अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असतानाही ऑब्जेक्ट एकच बनावा म्हणून दोनदा तपासून लॉक घेण्याची जी युक्ती विद्यार्थी पाठ करतात ती जावा 5 च्या आधी विश्वासार्ह नव्हती, आणि त्यानंतरही व्हॉलटाइल शब्द राहिला तर नाही. जावामध्ये एका घटकाचा ईनम आणि सी प्लस प्लसमध्ये 2011 च्या मानकापासून फंक्शनच्या आतला स्टॅटिक व्हेरिएबल हेच काम थ्रेडच्या दृष्टीने सुरक्षितपणे करतो. पायथनमध्ये साधे मॉड्यूल पुरते.

उलट बाजूची चूकही सांगायला हवी. ‘भाषा काय, कोणतीही शिकता येते; डिझाइन महत्त्वाचे’ असे म्हणून पहिल्या वर्षातले भाषेचे तास कमी करण्याचा प्रस्ताव येतो. कृपया तो मान्य करू नये. वर ऑब्झर्व्हरबद्दल लिहिले ते सारे भाषेच्याच तासाला शिकायचे असते. दुसरी भाषा पटकन येते ती पहिली खोलवर आली असेल तर. तीन भाषा वरवर शिकलेल्याला चौथीही वरवरच येते. पहिली दोन सत्रे एकाच भाषेला द्यावीत.

राहिली परीक्षा, आणि आमच्या मते सर्वांत आधी बदलावी ती तीच. वर्गात काय होणार हे शेवटी प्रश्नपत्रिकाच ठरवते. नमुना असा: 80 ओळींचा चालू प्रोग्राम छापून द्यावा, सोबत त्याच्या चार टेस्ट. दोन बदल सांगावेत, एक असा की ज्याला पॅटर्नची गरज आहे आणि दुसरा असा की ज्याला नाही, पण कोणता कोणता ते सांगू नये. एकूण 20 गुण. दोन्ही बदल बरोबर चालण्याला 8, जुन्या चार टेस्ट न मोडण्याला 4, निवडलेल्या रचनेचे कारण आणि तिची किंमत चार-पाच वाक्यांत लिहिण्याला 6, योग्य नावाला 2. छापील कोडमध्ये भाषेच्या वर्तनाचा एक सापळा असावा, पायथन असेल तर तीच डिफॉल्ट लिस्ट. तो न दिसलेल्या विद्यार्थ्याचा पहिला बदल बरोबर चालणार नाही, म्हणजे भाषेची परीक्षा वेगळी घ्यावी लागत नाही. एखादा अर्धविराम राहिला तर गुण कापू नयेत.

तपासायला वेळ लागेल, हा आक्षेप खरा आहे. आकृतीचे उत्तर तीन मिनिटांत तपासून होते. हे उत्तर नीट वाचायला आठ मिनिटे लागतील. साठ उत्तरपत्रिकांना तीन तासांऐवजी आठ तास. संगणकावर परीक्षा घेता आली तर 12 गुणांचा चालण्या-मोडण्याचा भाग टेस्ट स्वतः तपासतील आणि परीक्षकाला फक्त ती चार-पाच वाक्ये वाचावी लागतील. ते जमत नसेल तिथे परीक्षकांना त्या जादा तासांचे मानधन मिळावे, ही मागणी आम्ही याच पत्रात करतो.

आणि दुसऱ्या बदलाच्या उत्तरात एखाद्याने ‘इथे पॅटर्न वापरत नाही, तक्ता पुरेसा आहे, कारण नियम निव्वळ आकडा आहे’ असे लिहून तीन ओळींत काम संपवले असेल, तर नमुना उत्तरात तेवढ्याच तीन ओळी छापलेल्या असाव्यात आणि त्याला पूर्ण गुण द्यावेत अशी स्पष्ट सूचना परीक्षकाला असावी.

आपले,
प्रोग्रामिंग शिकवणारे आणि कोड तपासणारे काहीजण